हुतात्मा अधिकाऱ्याची शौर्यनोंद: सायटेशनपासून शिलालेखापर्यंत

गावच्या वेशीवरचा स्तंभ, शाळेतला फलक, स्मरणिकेतले दोन पानी चरित्र किंवा २६ जानेवारीच्या भाषणासाठी काढलेले टिपण. युद्धात पडलेल्या अधिकाऱ्याबद्दलचा मजकूर बहुतेकदा अशाच कारणाने लिहिला जातो, आणि घाईत लिहिला जातो. मग पदकाचे नाव चुकते, पलटण चुकते, मृत्यूच्या वेळचे वयही चुकते. ‘प्राणांची बाजी लावून शत्रूचे कंबरडे मोडले’ असे वाक्य मात्र हमखास असते, आणि ते कोणत्याही वीराच्या नावाखाली चालते. अशा नोंदीतून त्या माणसाने त्या दिवशी, त्या जागी नेमके काय केले हे कळले पाहिजे. त्यासाठी काय गोळा करायचे, ते कसे तपासायचे आणि दगडावर काय कोरायचे, ते इथे मांडले आहे. उदाहरणे सगळी सर्वज्ञात अधिकाऱ्यांची आहेत. त्यातही १९६२ च्या चीन युद्धात लडाखमध्ये पडलेले मेजर शैतान सिंह यांचे उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवले आहे.

पदक आधी पक्के करा

शौर्यपदकांच्या दोन माळा आहेत. परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र ही शत्रूसमोर गाजवलेल्या शौर्यासाठी. अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र ही शत्रूशी थेट सामना नसतानाच्या शौर्यासाठी, ज्यात अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाया येतात. दोन्ही एकत्र मांडल्या तर मानाचा क्रम असा होतो: परमवीर, अशोक, महावीर, कीर्ती, वीर, शौर्य आणि त्यानंतर सेना पदक. महावीरचक्र आणि वीरचक्र यांची अदलाबदल ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. तिचे कारण साधे आहे: घरची मंडळी आणि पत्रकार दोघेही बोलताना नुसते ‘चक्र’ म्हणतात.

युद्ध अधिकृतपणे जाहीर झाले होते की नाही, यावर पहिली माळ ठरत नाही. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना परमवीरचक्र मिळाले ते २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत शांतिसेनेत लढताना. मुंबईत जन्मलेले हे अधिकारी ८ महार या पलटणीचे. त्यामुळे ‘युद्ध नव्हते, म्हणजे अशोकचक्रच असणार’ असा अंदाज बांधू नका.

जुन्या नोंदी वाचताना तीन वर्षे लक्षात ठेवा. परमवीर, महावीर आणि वीर ही चक्रे २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली, पण १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. म्हणून ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाममध्ये पडलेल्या मेजर सोमनाथ शर्मा यांना पहिले परमवीरचक्र मिळू शकले. अशोकचक्र १९५२ मध्ये वर्ग १, वर्ग २ आणि वर्ग ३ अशा तीन वर्गांत सुरू झाले. १९६७ मध्ये दुसऱ्या वर्गाचे नाव कीर्तिचक्र आणि तिसऱ्याचे शौर्यचक्र झाले. १९६० च्या सुमाराच्या कागदावर ‘अशोकचक्र वर्ग ३’ दिसले, तर फलकावर नुसते ‘अशोकचक्र’ लिहिणे म्हणजे पदक दोन पायऱ्या वर नेणे.

सेना पदकही दोन प्रकारचे असते, शौर्यासाठीचे आणि कर्तव्यनिष्ठेसाठीचे. ‘सेना पदक (शौर्य)’ असे स्पष्ट लिहा. समरसेवा स्टार, रक्षा पदक १९६५, पश्चिमी स्टार, ऑपरेशन विजय स्टार ही त्या मोहिमेत सेवा केलेल्या सर्वांना मिळणारी पदके आहेत. त्यांची नोंद जरूर घ्या, पण शौर्यपदकांच्या ओळीत नको. छातीवर आठ पदके दिसली म्हणून ‘आठ शौर्यपदकांचे मानकरी’ असे छापले गेलेले मजकूर अजूनही फिरत असतात.

सायटेशन वाचायचे कसे

पदक कशासाठी दिले हे सांगणारा सरकारी मजकूर म्हणजे सायटेशन. तो भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावरही शोधता येतो. बहुधा दीड-दोनशे शब्दांचा असतो. घाईत वाचला तर कोरडा वाटतो, पण एकेक वाक्य सुटे करून पाहिले की त्यात भरपूर काही सापडते.

मेजर शैतान सिंह यांचे सायटेशन घ्या. त्यातली विधाने सुटी केली तर अशी यादी निघते. ते एका पायदळ बटालियनच्या कंपनीचे नेतृत्व करत होते (बटालियन म्हणजे पलटण, कंपनी ही तिच्यातली सव्वाशेच्या आसपास माणसांची तुकडी, आणि प्लाटून ही कंपनीतली लहान तुकडी). कंपनी चुशूल भागात, रेझांग ला येथे, सुमारे १७,००० फुटांवर होती. ही जागा मुख्य संरक्षण फळीपासून तुटलेली होती आणि तिच्यात प्लाटूनच्या पाच ठाण्यांचा समावेश होता. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी चिनी सैन्याने तोफा, उखळी तोफा आणि हलक्या शस्त्रांचा मारा केला आणि मोठ्या संख्येने लाटांमागून लाटा सोडल्या. मेजर एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जात राहिले. त्यात ते गंभीर जखमी झाले, तरी नेतृत्व चालू ठेवले. हातांना आणि पोटात झालेल्या जखमांनी ते कोसळले, तेव्हा जवान त्यांना मागे नेऊ लागले. त्या जवानांवर मशीनगनचा मारा सुरू झाला, तेव्हा मेजरांनी आपल्याला तिथेच सोडून स्वतःचा जीव वाचवण्याचा हुकूम दिला.

आता या यादीत काय नाही ते पाहा. पलटणीचे नाव नाही, नुसते ‘पायदळ बटालियन’ आहे. अनेक सायटेशनमध्ये सुरक्षेच्या कारणाने तुकडीचे नाव गाळलेले असते. १३ कुमाऊँ हे नाव तुम्हाला दुसऱ्या आधारावरून घ्यावे लागते. आपले किती जवान पडले याचा आकडा नाही. शत्रूच्या हानीचे नुसते प्रमाण आहे: आपल्या एकामागे त्यांचे चार-पाच. पार्थिव फेब्रुवारी १९६३ मध्ये सापडले आणि जोधपूरला अंत्यसंस्कार झाले, हेही त्यात नाही. या गोष्टी घालायच्याच, पण प्रत्येकीचा आधार वेगळा नोंदवायचा. आधार न लिहिता सगळे एकाच परिच्छेदात कालवले, की पुढचा माणूस ते ‘सायटेशनमध्ये आहे’ म्हणून उद्धृत करतो आणि तिथून चूक कायमची होते.

यासाठी पाच रकान्यांची वही करा: वेळ, जागा, काय घडले, आधार, खात्री. आधाराच्या रकान्यात एकच अक्षर पुरते. ‘क’ म्हणजे राजपत्र किंवा सायटेशन, ‘ख’ म्हणजे पलटणीचे किंवा रेजिमेंटचे कागद, ‘ग’ म्हणजे त्या काळचे वर्तमानपत्र, ‘घ’ म्हणजे नंतर सांगितलेली आठवण. नुसता ‘घ’ आधार असलेली गोष्ट चरित्रात येऊ शकते, पण ‘सहकाऱ्यांच्या आठवणीनुसार’ असे म्हणून. दगडावर ती येऊ नये.

आकडे हा स्वतंत्र विषय आहे. रेझांग ला येथे लढलेल्यांची संख्या साधारण १२० सांगितली जाते. पडलेल्यांचा ११४ हा आकडा सर्वाधिक प्रचलित आहे, पण त्याहून कमी आकडेही छापलेले सापडतात. अशा वेळी सरासरी काढू नका आणि मोठा आकडा आवडला म्हणून तोही घेऊ नका. नावांची यादी मिळाली तर नावे मोजा. नाही मिळाली तर ‘शंभराहून अधिक’ असे लिहा, ते खरेही आहे आणि पुरेसेही. शत्रूच्या हानीचे आकडे लढाईनंतर आपल्या तुकडीने केलेले अंदाज असतात, म्हणून त्यांच्या आधी ‘सायटेशननुसार’ हा शब्द हवाच.

पलटण, हुद्दा, तारीख, वय

बहुतेक चुका इथे होतात. एकेक चूक किरकोळ वाटते, पण लष्करातला माणूस फलक वाचायला उभा राहिला की त्याची नजर आधी इथेच जाते.

पलटणीच्या नावात आकडा कुठे आहे ते पाहा. १३ कुमाऊँ म्हणजे कुमाऊँ रेजिमेंटची तेरावी बटालियन. १/११ गोरखा रायफल्स म्हणजे अकराव्या गोरखा रेजिमेंटची पहिली बटालियन, कारण गोरखा रेजिमेंटना स्वतःचे क्रमांक आहेत. महाराष्ट्रातल्या जुन्या कागदांत ‘३/५ मराठा लाइट इन्फंट्री’ असे दिसते. तेव्हा संपूर्ण रेजिमेंटचाच क्रमांक पाचवा होता आणि ही तिची तिसरी बटालियन. इटलीत १० जुलै १९४४ रोजी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे. हे ‘५ मराठा’ असे उतरवले तर वाचणाऱ्याला आजची पाचवी बटालियन वाटते. कुमाऊँ रेजिमेंट १९४५ पर्यंत १९ हैदराबाद रेजिमेंट होती, त्यामुळे त्याआधी भरती झालेल्या अधिकाऱ्याच्या कागदावर ‘हैदराबाद’ दिसले तर गोंधळू नका. जम्मू-काश्मीर रायफल्स आणि जम्मू-काश्मीर लाइट इन्फंट्री या दोन वेगळ्या रेजिमेंट आहेत. कॅप्टन विक्रम बात्रा पहिलीचे, १३ व्या बटालियनचे.

दुसरी फसगत मूळ शाखेची. लेफ्टनंट नवदीप सिंग यांना ऑगस्ट २०११ मधल्या गुरेझच्या चकमकीसाठी अशोकचक्र मिळाले. ते लढले १५ मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर, पण मूळचे आर्मी ऑर्डनन्स कोअरचे. कर्नल संतोष महाडिक ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करत होते आणि १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात पडले, पण त्यांची मूळ पलटण २१ पॅरा. राष्ट्रीय रायफल्समध्ये अधिकारी आणि जवान ठरावीक मुदतीसाठी येतात. म्हणून फलकावर दोन्ही लिहा: मूळ पलटण आणि त्या वेळची तुकडी. पायदळ आणि रणगाडा दल यांचीही गल्लत होते. १९६५ चे परमवीर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर पूना हॉर्सचे होते, म्हणजे रणगाडा दलाचे. ‘पूना’ नाव पाहून त्यांना पायदळात टाकू नका.

हुद्दा लिहायचा तो कृतीच्या दिवशीचा, राजपत्रात असेल तसा. कारगिल युद्धातले परमवीर मनोज कुमार पांडे यांना सर्वत्र ‘कॅप्टन’ म्हटले जाते, पण सायटेशनमध्ये ते लेफ्टनंट आहेत. दोन्ही माहीत असतील तर फलकावर राजपत्रातला हुद्दा आणि चरित्रात एका वाक्यात खुलासा. सुभेदार आणि नायब सुभेदार हे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर. त्यांच्या नोंदीत ‘सेनाधिकारी’ असे मोघम न लिहिता हुद्दाच लिहा. सेवा क्रमांकावरूनही पडताळा होतो. नियमित कमिशनचा अधिकारी असेल तर क्रमांक ‘आयसी’ने सुरू होतो, शॉर्ट सर्व्हिसचा ‘एसएस’ने, ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरचा ‘जेसी’ने. शेवटी एक अक्षर असते. ते गाळू नका, पडताळणीचे अक्षर तेच.

आता तारीख. ‘२/३ जुलैची रात्र’ म्हणजे २ तारखेच्या संध्याकाळपासून ३ तारखेच्या पहाटेपर्यंत. पांडे यांचा खालुबारवरचा हल्ला या रात्रीचा आणि वीरमरण ३ जुलै १९९९ चे. लष्करी कागदात तिरपी रेघ दिसली की ती रात्र समजायची. पदकाची तारीख आणि मृत्यूची तारीखही वेगळी असू शकते. तारापोर यांच्या पदकावरची तारीख ११ सप्टेंबर १९६५ आहे, कारण फिलोराची कारवाई त्या दिवशी सुरू झाली. ते पडले १६ सप्टेंबरला. बात्रा यांच्या सायटेशनमध्ये २० जूनचा पॉइंट ५१४० आणि ७ जुलैचा पॉइंट ४८७५ अशा दोन कारवाया आहेत. जाता जाता: हे ५१४० आणि ४८७५ म्हणजे मीटरमधली उंची. फूट समजून ‘पाच हजार फुटांवरचे शिखर’ लिहिले, तर कारगिल महाबळेश्वरच्या आसपास येते.

वय मोजताना वर्षांची नुसती वजाबाकी करू नका. शैतान सिंह यांचा जन्म १ डिसेंबर १९२४ चा. १९६२ मधून १९२४ वजा केले की ३८ येतात, पण वाढदिवस अजून तेरा दिवस लांब होता, म्हणून वय ३७. बात्रा यांचा जन्म ९ सप्टेंबर १९७४ चा, वीरमरण ७ जुलै १९९९ ला. वय २४, बहुतेक ठिकाणी छापलेले २५ नव्हे.

मृत्यू कसा नोंदला आहे तेही पाहा. लढताना जागीच मृत्यू, जखमांमुळे नंतर रुग्णालयात मृत्यू, बेपत्ता आणि नंतर मृत घोषित, या लष्करी दप्तरातल्या वेगळ्या नोंदी आहेत. ‘रणांगणावर देह ठेवला’ असे सरसकट लिहिले, तर तीन दिवस बेस हॉस्पिटलमध्ये झुंजलेल्या माणसाचे ते तीन दिवस पुसले जातात.

कागद कुठे मिळतात

महाराष्ट्रातल्या हुतात्म्यासाठी पहिली फेरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मारा. तिथे वीरपत्नी किंवा वीरमाता-पित्यांच्या नोंदी असतात, आणि घरच्यांशी संपर्क त्यांच्यामार्फत करणेच योग्य. त्यानंतर रेजिमेंटल सेंटर: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महारचे सागरला, कुमाऊँचे रानीखेतला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. पत्र कमांडंटच्या नावे, एका पानाचे, आणि प्रश्न क्रमांक घालून. ‘सर्व माहिती पाठवावी’ अशा पत्राला उत्तर येणे अवघड. ‘१८ नोव्हेंबर रोजी कंपनी कोणत्या ठाण्यांवर होती?’ अशा प्रश्नाला येऊ शकते.

माहिती अधिकाराचा अर्ज हा नंतरचा उपाय. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी शुल्क १० रुपये, प्रतीचे पानाला २ रुपये, मजकूर साधारण ५०० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. सुरक्षेशी किंवा व्यक्तीच्या खासगी गोष्टींशी संबंधित माहिती नाकारली जाऊ शकते. म्हणून जवळच्या नातेवाइकाने अर्ज करणे किंवा त्यांचे संमतिपत्र जोडणे चांगले. युद्धांचे जुने दप्तर साधारण २५ वर्षांनंतर खुले करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये जाहीर केले आहे. खुले झालेले कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहायचे.

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या माणसासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी उत्तम. तिथे शोधताना मराठी नावांची इंग्रजी रूपे चार-पाच प्रकारे टाकून पाहा, कारण त्या काळच्या कारकुनाने ऐकले तसे लिहिले आहे. रेजिमेंटच्या नावातल्या ‘मराठा’चे स्पेलिंगही तेव्हा वेगळे होते. घाडगे यांचे नाव इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर आहे, कारण त्यांची कबर किंवा दहनस्थान ज्ञात नाही. जिल्हाही तेव्हाचा पाहा. घाडगे यांच्या नोंदीत कुलाबा असेल, आजचे नाव रायगड, आणि ते १९८१ पासूनचे. १९४७ नंतरच्या हुतात्म्यांसाठी दिल्लीतले राष्ट्रीय समर स्मारक आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी ते राष्ट्राला अर्पण झाले आणि त्याच्या त्यागचक्रात २५ हजारांहून अधिक नावे ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. तिथले नाव आणि हुद्दा तुमच्या नोंदीशी जुळतो का ते पाहा. जुळत नसेल तर राजपत्र प्रमाण.

घरी गेल्यावर

वेळ आधी ठरवून जा, आणि पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढू नका. मृत्यूच्या दिवसापासून सुरुवात करू नका. शाळा, भरती, पहिली नेमणूक, सुट्टीवर शेवटचे कधी आले, असे येत येत तिथे पोचा. पत्रे मागायची नाहीत, ‘दाखवाल का’ असे विचारायचे. मूळ कागद घराबाहेर न्यायचाच नाही. फोटो साधे असतील तर ३०० डीपीआय, पासपोर्ट आकाराचे असतील तर ६०० डीपीआय, असे तिथेच स्कॅन करा. पत्रांची पाकिटेही स्कॅन करा. फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आणि तारीख पाकिटावर असते, आणि त्या तारखेला पलटण कोणत्या भागात होती याचा माग त्यावरून लागतो.

मोहीम पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. ते भिंग लावून वाचा आणि तिरप्या उजेडात फोटो घ्या. पदक चकचकीत करायला ब्रासो लावायचा मोह घरच्यांनाही होतो. लावू देऊ नका. दोन-चार वेळा घासले की कोरलेली अक्षरे बोथट होतात आणि एक खात्रीचा पुरावा जातो.

फोटो निवडताना एक गोष्ट नक्की तपासा. मरणोत्तर पदक त्या अधिकाऱ्याने कधीच लावलेले नसते. त्याच्या छातीवर ते पदक किंवा त्याची फीत दिसत असेल, तर तो फोटो नंतर जोडलेला किंवा रंगवलेला आहे. रंगवलेल्या फोटोत फितींचे रंग तर हमखास चुकतात. परमवीरची फीत पूर्ण जांभळी, महावीरची अर्धी पांढरी अर्धी केशरी, वीरचक्राची अर्धी गडद निळी अर्धी केशरी. पदके डाव्या छातीवर असतात. उजवीकडे दिसली तर फोटो उलटा छापला आहे. खांद्यावरची चिन्हे हुद्द्याशी जुळवा: लेफ्टनंटला दोन तारे, कॅप्टनला तीन, मेजरला अशोकस्तंभ, लेफ्टनंट कर्नलला अशोकस्तंभ आणि एक तारा. स्वातंत्र्यापूर्वीच्या फोटोत अशोकस्तंभाच्या जागी मुकुट असतो.

लढाई मांडताना

कागद जमले की खरे काम सुरू होते. तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा. त्या क्षणी या अधिकाऱ्याचे ठरलेले काम काय होते? त्याच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता? त्याने जे केले त्याचा लढाईवर काय परिणाम झाला? ही उत्तरे मिळाली की ‘अतुलनीय’, ‘असामान्य’ हे शब्द आपोआप गळतात.

पायदळाची रचना माहीत असली तर उत्तरे सोपी जातात. एका सेक्शनमध्ये साधारण १० जवान, तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी, म्हणजे सगळे मिळून सव्वाशेच्या आत-बाहेर. कंपनीचे नेतृत्व मेजरकडे. कंपनी कमांडरची नेहमीची जागा कंपनी मुख्यालयात, जिथून सगळ्या प्लाटूनशी संपर्क राहतो आणि तोफखान्याची मदत मागता येते. रेझांग ला येथे ही मदत मिळणार नव्हती. मधल्या डोंगरामुळे आपल्या तोफांचा मारा तिथे पोचत नव्हता. ठाणी एकमेकांपासून दूर होती. आता मेजरांचे एका ठाण्यावरून दुसऱ्यावर जाणे वाचा. तोफा नाहीत, कुमक नाही, तेव्हा कंपनीला एकत्र धरून ठेवायला कमांडरने स्वतः दिसणे एवढेच उरले होते, आणि त्यासाठी उघड्या उतारावरून जावे लागत होते. हे तीन वाक्यांत सांगितले की वाचकाला वेगळे ‘शूर होते’ सांगावे लागत नाही.

सोमनाथ शर्मा यांच्या बाबतीत प्लॅस्टरमधला डावा हात हा तपशील सोडू नये. तोही शोभेसाठी वापरू नये. त्या हातासह ते मॅगझिनमध्ये गोळ्या भरून लाइट मशीनगनवाल्यांना देत होते, इतकी माणसे कमी होती. आपल्या एकामागे शत्रूचे सात. याच वेळी उखळी तोफेचा गोळा दारूगोळ्यात पडला आणि ते गेले. कंपनीने सुमारे सहा तास जागा धरली. तेवढ्या वेळात कुमक हुमहामा येथे पोचली आणि श्रीनगरचा विमानतळ वाचला. विमानतळाचा उल्लेख गाळला तर त्या सहा तासांचे मोल वाचकाला कळत नाही. परमेश्वरन यांच्या नोंदीतही ‘छातीत गोळी लागूनही लढले’ एवढ्यावर थांबू नका. शोधमोहिमेवरून परतताना रात्री त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. त्यांनी पाठीमागून जाऊन हल्लेखोरांना घेरले, आणि छातीत गोळी लागल्यावर समोरच्याची रायफल हिसकावून त्याला टिपले. हल्ल्यात सापडलेली तुकडी साधारणपणे आडोसा शोधते. त्यांनी उलट घेराव घातला, आणि निर्णय तिथे आहे.

संवाद रचू नका. ‘शेवटचे शब्द’ हा प्रकार सर्वांत धोक्याचा. वायरलेस संदेशाची नोंद असेल तर तो संदेश म्हणून द्या. नसेल तर काहीच देऊ नका. सोबत पडलेल्या जवानांची नावे मिळतील तितकी द्या. अधिकाऱ्याची कंपनी नामहीन राहिली तर गोष्ट अर्धीच राहते. जागेचा आराखडा काढायचा तर उत्तर दिशा, चढाचा रोख, आपली ठाणी आणि शत्रूचा मार्ग, एवढेच दाखवा. अलीकडच्या कारवाया असतील तर सध्याच्या ठाण्यांच्या जागा, हयात सहकाऱ्यांची नावे आणि कुटुंबाचा पत्ता छापू नका.

दगडावरचा मजकूर

साठ-सत्तर शब्दांच्या पलीकडे जाऊ नका. उभे राहून वाचणारा माणूस तेवढेच वाचतो, आणि अक्षरे मोठी ठेवता येतात. नमुना असा:

‘मेजर शैतान सिंह, परमवीरचक्र (मरणोत्तर). १३ वी बटालियन, कुमाऊँ रेजिमेंट. जन्म १ डिसेंबर १९२४, वीरमरण १८ नोव्हेंबर १९६२. लडाखमधील रेझांग ला येथे, सुमारे १७,००० फुटांवर, तोफखान्याच्या मदतीवाचून त्यांच्या कंपनीने शत्रूच्या लाटा परतवल्या. ते एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जात लढाई चालवत राहिले. गंभीर जखमी झाल्यावर, आपल्याला नेणाऱ्या जवानांचा जीव वाचावा म्हणून, त्यांनी स्वतःला तिथेच सोडण्याचा हुकूम दिला.’

पदक नावापुढे, नावाआधी नाही. ‘मरणोत्तर’ कंसात. भारताचे राजचिन्ह परवानगीशिवाय कोरू नका, त्याच्या वापरावर २००५ च्या कायद्याने निर्बंध आहेत. रेजिमेंटचे चिन्ह वापरायचे असेल तर रेजिमेंटल सेंटरला लिहून विचारा आणि चित्रही त्यांच्याकडूनच घ्या. इंटरनेटवरून उतरवलेल्या चिन्हात जुनी आवृत्ती किंवा दुसऱ्याच रेजिमेंटचा बिल्ला सापडतो.

कोरीव काम करणाऱ्याकडे मजकूर जातो तेव्हा शेवटचा घोळ होतो. त्याच्या संगणकावर जुना फाँट असतो, तुमचा मजकूर युनिकोडमध्ये असतो, आणि रूपांतरात जोडाक्षरे फुटतात. ‘अधिकाऱ्यांच्या’मधला ‘ऱ्य’, ‘शौर्य’मधला रफार, ‘कुमाऊँ’वरचा चंद्रबिंदू आणि ‘रेजिमेंट’वरचा अनुस्वार या चार जागा आधी पाहा. मजकूर पीडीएफमध्ये, अक्षरे आकृतीत बदलून द्या, म्हणजे फाँटचा प्रश्नच राहत नाही. तरी कापण्याआधी पूर्ण आकाराची कागदी छपाई मागा. ती तीन जणांनी तपासावी: मजकूर लिहिणाऱ्याने वहीशी ताडून, घरच्या एकाने नाव आणि जन्मतारखेसाठी, आणि मजकूर आधी न पाहिलेल्या एखाद्या माजी सैनिकाने हुद्दा, पलटण आणि पदकासाठी. आकडे मोठ्याने वाचा. १९६२ आणि १९६५ डोळ्यांना सारखे दिसतात, कानाला दिसत नाहीत.

वहीची एक प्रत शाळेत, एक सैनिक कल्याण कार्यालयात आणि एक रेजिमेंटल सेंटरला पाठवा. फलकाच्या खाली किंवा मागे मजकूर तयार केल्याचे वर्ष आणि वही कुठे ठेवली आहे ते लहान अक्षरांत कोरून घ्या. उद्या नवा कागद खुला झाला आणि एखादी तारीख बदलावी लागली, तर आधीची कशावरून घेतली होती हे बघायला कोणाला तरी ती वही लागेल.